माशांवरचे पांढरे ठिपके: इलाज अर्धवट सोडू नका

ईदीच्या पैशांतून माझ्या लेकीने दोन काळ्या मॉली आणल्या आणि घरातल्या गप्पी माशांच्या टाकीत सोडल्या. चौथ्या दिवशी ती धावत आली, "अम्मी, माशांवर मीठ सांडलंय!" पाहिले तर अंगावर, परांवर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके. मासे खडीला अंग घासत होते. औषध आणले, तीन दिवस घातले, ठिपके गेले. आम्ही खूश होऊन औषध बंद केले. चार-पाच दिवसांत ठिपके दुपटीने परतले आणि पाच गप्पी मासे दगावले. चूक औषधाची नव्हती, आमच्या घाईची होती.

हा रोग एका सूक्ष्म परजीवीमुळे होतो. त्याचे नाव इक्थियोफ्थिरियस मल्टिफिलिस. मल्टिफिलिस म्हणजे पुष्कळ लेकरांचा, आणि ते अगदी खरे आहे. हा जीव माशाच्या कातडीखाली बसून वाढतो. तोच आपल्याला दिसणारा ठिपका. तिथे औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. वाढ झाली की तो गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत शेकडो पिल्ले तयार होतात. ती पिल्ले बाहेर पडून मासा शोधत पोहतात. दोनेक दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. औषध लागू पडते ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना.

म्हणजे ठिपके गेले याचा अर्थ रोग गेला असा नाही; तो खडीत उतरला, एवढाच. २५ अंशांच्या आसपास हे चक्र आठवड्याच्या आत पूर्ण होते, थंड पाण्यात कित्येक आठवडे लागतात. म्हणूनच इलाजात पाणी कोमट ठेवतात.

काय करावे?

• हीटरने पाणी हळूहळू, दिवसाला एक-दोन अंश वाढवत, ३० अंशांपर्यंत न्या. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून एअर पंप सतत चालू ठेवा. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा. त्याला इतकी उष्णता देऊ नका.

• जाडे मीठ लिटरला २ ग्रॅम, म्हणजे ५० लिटरच्या टाकीला १०० ग्रॅम. वेगळ्या भांड्यात विरघळवून दिवसभरात तीन-चार वेळा थोडे थोडे घाला. नाजूक वनस्पती आणि बिनखवल्यांचे मासे यांना मीठ सोसत नाही.

• मॅलकाइट ग्रीनचे औषध वापरत असाल तर बाटलीवरचेच प्रमाण घ्या. फिल्टरमधला कोळसा आधी काढा, नाहीतर तो औषध शोषून घेतो. गोगलगायी आणि कोळंबी दुसरीकडे हलवा. हातमोजे घाला. खाण्यासाठी पाळलेल्या माशांना हे औषध कधीही देऊ नका.

• एक दिवसाआड नळीने तळाचा गाळ ओढून थोडे पाणी बदला. नळाच्या पाण्यातला क्लोरीन आधी घालवा. काढलेल्या पाण्याइतके मीठ आणि औषध पुन्हा घाला.

• शेवटचा ठिपका गेल्यावरही किमान आठवडाभर इलाज चालू ठेवा.

एक खूण ध्यानात असू द्या. नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर विणीच्या काळात पांढरे बारीक दाणे उठतात. तो रोग नव्हे. हा रोग माणसाला होत नाही, त्यामुळे मुलांची काळजी नको.

नवा मासा आणला की दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नका, आणि टबाची जाळी वेगळी ठेवा.

दुसऱ्या खेपेला लेकीने कॅलेंडरवर रोज एक फुली मारली. ठिपके सहाव्या दिवशीच गेले होते. तिने चौदा फुल्या पूर्ण केल्या. दोन मॉली आणि तीन गप्पी वाचले.