समक्रमण, मोबाइल माहितीचे

समक्रमण, मोबाइल माहितीचे : मोबाइलवरील ॲपने साठविलेली माहिती व दूरच्या सर्व्हरवरील तिची प्रत यांत मेळ राखण्याच्या क्रियेस समक्रमण (व्यवहारात ‘सिंक’) म्हणतात. इंटरनेटद्वारे वापरल्या जाणाऱ्या अशा सामायिक सर्व्हर-व्यवस्थेस क्लाउड (मेघ) ही संज्ञा रूढ आहे. वरकरणी हे काम नक्कल करण्याइतके सोपे वाटते. परंतु दोन्ही प्रती स्वतंत्रपणे बदलू शकतात व त्यांमधील दुवा केव्हाही तुटू शकतो. त्यामुळे ॲप घडविणाऱ्यांना ते विशेष अवघड जाते.

महाराष्ट्रातील याचे परिचित उदाहरण म्हणजे ई-पीक पाहणी. पूर्वी तलाठी पिकांची पाहणी करून गाव नमुना 12 मध्ये नोंद घेत असे. 15 ऑगस्ट 2021 पासून खातेदाराने स्वतः शेतात उभे राहून पीक, क्षेत्र व छायाचित्र मोबाइलवरून नोंदविण्याची पद्धत राज्यभर सुरू झाली. हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुका हळदीसाठी प्रसिद्ध असून तेथे सोयाबीन व कापूसही होतो. अतिवृष्टीची भरपाई असो वा हमीभावाची खरेदी, सातबारावरील पीकनोंद पाहिली जाते. म्हणून मोबाइलमध्येच अडकून राहिलेली नोंद ही निव्वळ तांत्रिक उणीव ठरत नाही.

शिवारात नेटवर्क नसेल, तर माहिती आधी मोबाइलमध्ये साठवून संपर्क मिळताच ती वर पाठवावी लागते. येथे ‘साठविले’ व ‘पोहोचले’ या दोन भिन्न अवस्था आहेत. पडद्यावर त्यांतील भेद स्पष्ट दाखविला नाही, तर शेतकरी काम झाले असे समजून घरी परततो. पुष्कळ ॲपांची खरी चूक येथेच असते. शिवाय बॅटरी वाचविण्यासाठी मोबाइलची कार्यप्रणाली पडद्यामागील कामांना आळा घालते. त्यामुळे ॲप उघडल्याशिवाय नोंद पुढे जाईलच, अशी खात्री देता येत नाही.

माहिती पोहोचली, पण सर्व्हरची पोच परत येताना वाटेत हरवली, तर ॲप तीच नोंद पुन्हा पाठविते आणि एका शेतात दुप्पट सोयाबीन दिसू लागते. यासाठी प्रत्येक नोंदीस मोबाइलमध्येच एकमेव ओळखक्रमांक देतात. तोच क्रमांक पुन्हा आला, तर सर्व्हर केवळ पोच देतो. मजकूर लहान व छायाचित्र मोठे असल्याने एक पोहोचून दुसरे राहणे, हीही नेहमीची अडचण होय. मुदतीच्या अखेरच्या दिवसांत गर्दी झाल्यास अयशस्वी मोबाइलांनी लागलीच पुन्हा प्रयत्न केल्याने सर्व्हरवरील ताण आणखी वाढतो. म्हणून दोन प्रयत्नांतील अवधी वाढवीत नेतात व तो प्रत्येक मोबाइलसाठी वेगवेगळा ठेवतात.

सर्वांत कठीण प्रश्न विसंगतीचा. समजा, सामाईक खात्यातील दोन भावांनी संपर्काविना एकाच तुकड्यात एकाने हळद व दुसऱ्याने कापूस नोंदविला. ‘शेवटची नोंद खरी’ हा नियम सोपा आहे. पण मोबाइलचे घड्याळ चुकीचे असू शकते. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी 1978 मध्ये घड्याळाऐवजी घटनांच्या पूर्वापर संबंधावर आधारलेली क्रमपद्धती मांडली. 1980 नंतरच्या दशकात कार्नेगी मेलन विद्यापीठात एम. सत्यनारायणन यांच्या गटाने कोडा ही संचिका-व्यवस्था विकसित करण्यास आरंभ केला. संपर्क तुटल्यावरही काम चालू ठेवून नंतर प्रती जुळविणे तीत शक्य झाले. कोणत्याही क्रमाने एकत्र केल्या तरी एकच फल देणाऱ्या माहिती-रचनाही 2011 च्या सुमारास मांडल्या गेल्या. त्यांनी प्रती एकसारख्या होतात. तुकड्यात प्रत्यक्षात काय पेरले आहे, हे मात्र त्या ठरवू शकत नाहीत. अशा वेळी दोन्ही नोंदी राखून त्या पडताळणीसाठी माणसापुढे ठेवणेच योग्य होय.

ई-पीक पाहणीच्या 1 ऑगस्ट 2022 रोजी आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत 48 तासांत एकदा दुरुस्ती करण्याची सोय देण्यात आली. अशा सोयीत मुदत शेतातील नोंदीपासून मोजावी की ती सर्व्हरवर पोहोचल्यापासून, हे आधीच ठरवावे लागते. दोन दिवस नेटवर्क नसेल, तर पहिल्या गणनेने दुरुस्तीची संधी नोंद पोहोचण्यापूर्वीच संपते.