निळ्या ठिणगीचा नाद खुळा!

उद्यमनगरातून जाताना डोळ्यांच्या कोपऱ्यात चमकून जाणारी ती निळी-पांढरी ठिणगी... सूर्याच्या पृष्ठभागाइतकी गरम, आणि चक्क मिस्त्रीच्या हातात! तिच्याशी दोस्ती करायची तर एकच अट आहे.

बाइकचा साइड स्टँड तुटला आणि ऑफिस सुटल्यावर मी शिवाजी उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये जाऊन धडकलो. पुढे ऊसवाहतुकीच्या ट्रॉलीचं काम चाललं होतं. थांबणं आलं. चहा घेत मी मस्तपैकी वेल्डिंग बघत बसलो. मिस्त्रींनी एकदाच हटकलं, "भावा, बघालायस काय तिकडं? रात्री रडशील."

मी हसलो. रात्री दोन वाजता मात्र खरंच रडत होतो! डोळ्यांत कुणी मूठभर वाळू टाकल्यासारखं वाटत होतं, पाणी थांबेना, ट्यूबलाइटही सोसेना. दुसऱ्या दिवशी ऑफिसऐवजी थेट डोळ्यांचा डॉक्टर. 'वेल्डिंग लागलं' म्हणतात ते हेच.

फंडा काय आहे?

हवेतून सहसा वीज जात नाही. एक मिलिमीटर हवा फोडायला साधारण ३००० व्होल्ट लागतात. वेल्डिंग मशीन मात्र जेमतेम ६०-८० व्होल्ट देतं. मग ठिणगी पडते कशी?

गंमत मिस्त्रींच्या मनगटात आहे. रॉड आधी लोखंडाला टेकवायचा आणि लगेच दोन-तीन मिलिमीटर उचलायचा. टेकताना टोक इतकं तापतं की उचलल्यावर मधली हवा आणि धातूची वाफ स्वतःच वीज वाहून नेऊ लागते. हाच आर्क. एकदा पेटला की वीस-तीस व्होल्टही पुरतात, पण करंट शंभर-दीडशे अँपिअर! रॉड जास्त उचलला की आर्क विझतो, फार टेकवला की रॉड चिकटतो. तेवढंच अंतर हाताने राखायचं, तेही रॉड वितळून आखूड होत असताना. ट्राय करून बघा!

तापमान? सहा हजार अंश सेल्सिअसच्या घरात. सूर्याचा पृष्ठभाग साधारण साडेपाच हजार अंश, आणि लोखंड तर १५३८ अंशांनाच वितळतं. रॉडवरचा लेप जळून गॅस होतो आणि वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवतो. वर जमलेला स्लॅग हातोडीने झाडला की खाली चकाकणारा जोड दिसतो.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये हम्फ्री डेव्ही यांनी मोठ्या बॅटरीला जोडलेल्या दोन कोळशाच्या कांड्यांमध्ये हा प्रकाश लोकांना दाखवला. गरम हवा वर चढते म्हणून ती ज्योत कमानीसारखी वाकली. म्हणून नाव पडलं आर्क.

फक्त वेल्डिंग नाही, बॉस!

मोठ्या पोलाद कारखान्यांत ग्रॅफाइटच्या जाडजूड खांबांतून आर्क पाडून टनावारी भंगार वितळवतात. (आपल्या फौंड्र्यांमधली इंडक्शन भट्टी वेगळी, तिच्यात आर्क नसतो.) घरातल्या एमसीबीला मात्र हाच आर्क नकोसा असतो. वीज तोडताना उठणारी ठिणगी विझवण्यासाठी तिच्या पोटात पत्र्याच्या चकत्या बसवलेल्या असतात.

आणि सिनेमा! जुन्या थिएटरांत प्रोजेक्टरमध्ये कार्बनच्या कांड्या जळायच्या. त्या झिजतील तशा ऑपरेटरने जवळ आणायच्या, नाहीतर पडद्यावर अंधार आणि खाली शिट्ट्या. शूटिंगलाही तेच. कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांनी १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये कृत्रिम प्रकाश वापरला. भारतीय सिनेमातल्या अशा अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी हा एक. तेव्हा जगभरच्या स्टुडिओंत सगळ्यात ताकदीचा दिवा म्हणजे कार्बन आर्क. हॉलिवूडमध्ये या दिव्यांपुढे तासन् तास उभं राहून नटांचे डोळे सुजायचे, त्या दुखण्याला 'क्लिग आय' असं नावच पडलं होतं. म्हणजे माझं दुखणं थेट हॉलिवूडचं!

तिसरा हात कुठून आणायचा?

आर्कमधून डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरणही निघतात. ते डोळ्याचा पुढचा पडदा उन्हात कातडी भाजावी तसा भाजतात. त्रास काही तासांनी सुरू होतो, म्हणून बघताना काहीच वाटत नाही. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत डोळे निवतात.

माझं एका दिवसावर निभावलं. मिस्त्रींचं काय? आठवड्याने पुन्हा गेलो, तेव्हा ते टाके मारत होते, डोळे घट्ट मिटून! मी विचारलं, "शील्ड का घेत नाही?"

"एका हातात पार्ट, एका हातात होल्डर. तिसरा हात कुठनं आणू?"

यावर उत्तर आहे. डोक्यावर बसणारं हेल्मेट, त्यात ठिणगी पडताच आपोआप काळी होणारी काच. दोन्ही हात मोकळे. आणि प्रश्न फक्त डोळ्यांचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर आणि त्यातले अतिनील किरण, दोन्ही माणसात कॅन्सर घडवणाऱ्या घटकांच्या यादीत टाकले. बंद शेडमध्ये धूर ओढणारा पंखा ही चैन नाही, गरज आहे.

निघताना मिस्त्रींनी आपलं शील्ड माझ्या हातात दिलं. "आता बघ." काळ्या काचेतून बाकी सगळं गायब झालं. उरला फक्त एक हिरवट ठिपका आणि त्याच्यामागे सरकणारं वितळलेल्या लोखंडाचं इवलंसं तळं. काय दिसत होतं म्हणून सांगू, नाद खुळा!

लक्षात ठेवा

• साधा गॉगल चालत नाही. रॉडच्या वेल्डिंगला साधारण १० किंवा ११ नंबरची काच लागते.
• रस्त्यालगत काम चालू असेल तर नजर वळवा, लहान मुलांनाही बघू देऊ नका.
• डोळे चोळू नका. बटाट्याचे काप ठेवण्यापेक्षा डॉक्टर गाठा.
• तुमच्याकडे गेट-ग्रिलचं काम काढलंय? मिस्त्रींकडे हेल्मेट आहे का, तेवढं विचारा.