पाण्यातला देवभात

मेसमधल्या भाताला आपण रोज नावं ठेवतो. पण परभणीच्या मातीत भाताचं रोप नेमकं कुठे अडतं, माहीत आहे?

आपली काळी जमीन चुनखडीयुक्त, सामू 8 च्या आसपास. तिच्यात लोह भरपूर आहे, पण ते विरघळत नाही. म्हणजे बँकेत पैसा आहे, पण एटीएम बंद! खाचरात पाणी साचलं की मातीतली हवा कमी होते, लोह विरघळतं आणि मुळांना मिळतं. कोरड्या रानात ते होत नाही, मग कोवळी पानं शिरांच्या मधे पिवळी पडतात. नत्र कमी पडलं तरी पानं पिवळीच, फक्त सुरुवात जुन्या पानांपासून. शेतात दोन्ही कारणं एकत्र आली की ओळखणार कसं?

उपाय म्हणजे मातीच काढून टाकायची! याला हायड्रोपोनिक्स म्हणतात. जर्मनीत साक्स आणि क्नोप यांनी 1860 च्या सुमारास ही पद्धत वापरली. पाण्यात सगळी अन्नद्रव्यं मोजून घालायची आणि दुसऱ्या बादलीत फक्त लोह वगळायचं. फरक दिसला, तर तो लोहाचाच. भातासाठी सामू 5 च्या आसपास ठेवतात आणि तो रोज तपासावा लागतो.

रोगाचंही तसंच. नत्र जास्त झालं की करपा वाढतो, सिलिकॉन मिळालं की पान टणक होऊन तो कमी होतो. बादलीत हे एकेक करून बघता येतं.

आता रानटी भात कशाला? तळ्याकाठी आपोआप उगवणाऱ्या या भाताला आपल्याकडे देवभात म्हणतात. याच्याच जातकुळीतल्या ओरायझा निवाराची गोष्ट ऐका. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ग्रासी स्टंट विषाणूसाठी 6,000 हून जास्त नमुने तपासले. टिकला तो उत्तर प्रदेशातला एक रानटी नमुना! त्याचा गुण 1976 च्या आयआर 36 या वाणात आला आणि लाखो शेतकऱ्यांचं पीक वाचलं. लोहाच्या बाबतीत असाच एखादा चिवट नमुना सापडला तर कोरडवाहू भाताला केवढा आधार!

अडचणी आहेतच. रानटी बी लवकर उगवत नाही, 50 अंशाला काही दिवस ठेवून त्याची झोप मोडावी लागते. दाणे पिकताच गळतात, म्हणून लोंबीला पिशवी बांधायची, नाहीतर शेजारच्या शेतात तण. आणि बादलीतला निकाल शेवटी मातीत तपासावाच लागतो.

पण सामू आपोआप सांभाळणारा सेन्सर आणि पंप बनवणं हे तर आपलंच काम! आपल्या जिल्ह्यात वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. फायनल इयरवाल्यांनो, प्रोजेक्टचा विषय शोधताय ना?