दुधाची मुदत

सकाळी पेलाभर दूध घेतले की पोट गुबारून गुडगुडू लागते, जेवणानंतरचे ताक मात्र निर्वेध पचते, हे कसे, असे एका वाचकाने विचारले आहे. आणि आपल्या प्रकृतीतच काही वैगुण्य असावे असा जो संकोच त्यांच्या पत्रात दिसतो, तो आधी दूर केला पाहिजे, कारण जगातील सुमारे दोन तृतीयांश प्रौढांना दुग्धशर्करा पूर्णपणे पचत नाही.

ही शर्करा ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांच्या जोडीची असून, लहान आतड्याच्या अस्तरावरील लॅक्टेज हे विकर ती जोडी फोडते, तेव्हाच ती रक्तात शिरू शकते. सस्तन प्राण्यांत हे विकर निसर्गाने स्तन्यपानाच्या मुदतीपुरतेच मंजूर केलेले असते. मुदत सरली की त्याचा अंमल ओसरतो. मग न फुटलेली शर्करा आतड्यात पाणी ओढून घेते आणि मोठ्या आतड्यात उतरली की तेथील जीवाणू तिचे किण्वन करून हायड्रोजनादी वायू निर्माण करतात. मुरडा, वारा, जुलाब ही सारी त्याचीच परिणती. यातील काही हायड्रोजन रक्तावाटे फुप्फुसांत येतो, आणि केवळ उच्छ्वास तपासून वैद्यांना आतड्यातील व्यवहार कळतो, याचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे.

ज्यांना आयुष्यभर दूध पचते, तेच वस्तुतः अपवाद. त्यांना मिळालेल्या मुदतवाढीचा हुकूम २००२ साली फिनलंडमधील संशोधकांना सापडला, तो लॅक्टेजच्या स्वतःच्या जनुकात नव्हे, तर शेजारच्या एमसीएम-६ या जनुकाच्या दप्तरात, अवघ्या एका अक्षराच्या फरकाने नोंदलेला! भारतीय पशुपालकांतही मुख्यत्वे हाच फरक आढळतो; वायव्येकडून दक्षिणेकडे व पूर्वेकडे जावे तसतसे त्याचे प्रमाण घटत जाते.

विरजणातील जीवाणू काही शर्करा स्वतःच खाऊन टाकतात आणि शिवाय त्यांचे विकर आपल्या आतड्यातही काम करते, म्हणून ताक सोसते. अदमुऱ्या दह्यात हा लाभ कमी. चक्का टांगला की निथळणाऱ्या पाण्याबरोबर बरीच शर्करा निघून जाते. बासुंदीत मात्र दूध आटते तशी ती दाट होत जाते, कारण आचेने ती नाहीशी होत नाही. जेवणाबरोबर घेतलेले थोडे दूध बहुतेकांना चालते.

याच पत्रात वाचकाने ‘ए-२’ दुधाविषयीही पृच्छा केली आहे. त्या दुधाचा डंका हल्ली फार वाजतो. परंतु ए-१ आणि ए-२ हा भेद केसीन या प्रथिनाचा आहे, आणि ज्या शर्करेने त्यांचे पोट गुबारते, ती दोन्ही दुधांत सारखीच असते.