विश्लेषण : कुवेतचे मैदान ते भारताचा ‘डगआउट’… खालिद जमील यांची कारकीर्द काय सांगते?

ऑगस्ट २०२५मध्ये भारतीय फुटबॉल संघाची सूत्रे खालिद जमील यांच्याकडे आली. तब्बल १३ वर्षांनी या पदावर भारतीय माणूस बसला. त्यांच्याआधी २०११-१२मध्ये गोव्याचे सावियो मदेरा हे अखेरचे भारतीय मुख्य प्रशिक्षक होते. आखातात जन्म, मुंबईत खेळ, दुखापतींनी लवकर संपलेली कारकीर्द आणि मग प्रशिक्षकपदाची सोळा वर्षे. घरटी एक माणूस आखातात असलेल्या रत्नागिरीच्या अनेक गावांना या कहाणीची सुरुवात तरी ओळखीची वाटेल.

जमील मुंबईत कसे आले?

जमील यांचा जन्म १९७७मध्ये कुवेतमध्ये भारतीय कुटुंबात झाला. फुटबॉलची गोडी त्यांना तिथेच लागली. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि तिथल्या भारतीयांचे आयुष्य विस्कटले. अम्मानमार्गे एक लाख ७० हजारांच्या आसपास भारतीयांना विमानांनी मायदेशी आणावे लागले. कोकणातल्या अनेक घरांत आजही त्या दिवसांच्या आठवणी निघतात. त्या युद्धाच्या काळातच जमील यांचे कुटुंबही भारतात परतले आणि मुंबई ही त्यांच्या फुटबॉलची कर्मभूमी झाली.

खेळाडू म्हणून कामगिरी कशी होती?

मधल्या फळीत खेळणारे जमील महिंद्र युनायटेड, एअर इंडिया, पुन्हा महिंद्र युनायटेड आणि शेवटी मुंबई एफसी अशा मुंबईतल्याच क्लबांकडे राहिले. भारताच्या संघातही त्यांची वर्णी लागली. कोलकात्याच्या दोन्ही बड्या क्लबांनी त्यांना विचारणा केली होती, मात्र त्यांचे प्रायोजक मद्यकंपन्या असल्याने त्यांनी नकार दिला, असे अनेकदा छापून आले आहे. महिंद्र युनायटेडने २००५-०६मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली तेव्हा ते त्या क्लबमध्ये होते. त्या संघाचे प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा. म्हणजे भारतीय प्रशिक्षक विजेता संघ घडवू शकतो, हे जमील यांनी खेळाडू असतानाच जवळून पाहिले. पुढे दुखापतींनी पाठ सोडली नाही आणि २००९मध्ये, वयाच्या ३२व्या वर्षी, त्यांनी बूट उतरवले.

प्रशिक्षकपदाची सुरुवात कुठून?

ज्या मुंबई एफसीत खेळणे थांबले, त्याच क्लबने त्यांना प्रशिक्षक केले. पैसा बेताचा, नावाजलेले खेळाडू मोजके, घरचे मैदान कूपरेज. जेतेपद मिळाले नाही, पण सात वर्षे हा संघ आय-लीगमध्ये टिकून राहिला. जमील २०१६मध्ये गेले आणि पुढच्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन लीगबाहेर पडला. आधी गोल खायचा नाही, शिस्तीत बचाव करायचा आणि संधी मिळताच प्रतिहल्ला चढवायचा, ही त्यांची पद्धत या काटकसरीच्या संसारातच घडली. तिला कंटाळवाणी म्हणणारेही आहेत.

आयझॉलचा ‘चमत्कार’ काय होता?

मिझोरामचा आयझॉल एफसी २०१५-१६मध्ये आय-लीगमधून खाली घसरला होता. गोव्यातील क्लबांनी माघार घेतल्यामुळे त्याला पुन्हा प्रवेश मिळाला. जमील तिथे गेले ते जयेश राणे, आशुतोष मेहता या मुंबईत तयार झालेल्या खेळाडूंनाही सोबत घेऊन. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये लाजाँगविरुद्ध १-१ अशी बरोबरी साधत आयझॉलने जेतेपद पटकावले. मोहन बागानपेक्षा केवळ एक गुण जास्त! देशाची अव्वल लीग जिंकणारा ईशान्य भारतातील हा पहिलाच क्लब ठरला.

मग आयएसएलची दारे लगेच उघडली का?

नाही. जमील ईस्ट बंगाल आणि मोहन बागानकडे थोडा थोडा काळ राहिले. इंडियन सुपर लीगमध्ये मात्र मुख्य प्रशिक्षक परदेशीच, अशी जणू रीतच होती. भारतीय माणूस साहाय्यक म्हणून असायचा आणि मुख्य प्रशिक्षकाची हकालपट्टी झाली की काही सामन्यांपुरता पुढे यायचा. जमील यांनाही नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये २०२१च्या सुरुवातीला संधी मिळाली ती अशीच. त्यांनी संघाला थेट उपांत्य फेरीत नेले. कोणत्याही भारतीय प्रशिक्षकाला हे तोवर जमले नव्हते. ऑक्टोबर २०२१मध्ये क्लबने त्यांना कायम केले. पण पुढच्या हंगामात तोच संघ अकरा संघांत दहावा आला. यशाची चढती कमान, असे या कारकिर्दीचे वर्णन करता येणार नाही, ते यामुळेच.

डिसेंबर २०२३मध्ये जमशेदपूर एफसीने त्यांना बोलावले. २०२४-२५मध्ये हा संघ आयएसएलच्या उपांत्य फेरीत आणि सुपर कपच्या अंतिम फेरीत पोहोचला. महासंघाचा सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कारही त्यांना सलग दोनदा मिळाला.

भारताच्या संघाचे काय झाले?

सुरुवात झोकात झाली. ताजिकिस्तानला त्यांच्याच भूमीवर २-१ असे हरवून भारताने काफा नेशन्स कपची मोहीम सुरू केली आणि ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये नमवून तिसरे स्थान मिळवले. खरी परीक्षा २०२७च्या आशियाई चषकाच्या पात्रता फेरीची होती. गटातून एकच संघ पुढे जाणार होता आणि जमील येण्याआधीच्या दोन सामन्यांत भारताच्या खात्यात एकच गुण होता. ऑक्टोबरमध्ये सिंगापूरमध्ये १-१ अशी बरोबरी झाली, पण मडगावच्या फातोर्डा मैदानावर आघाडी घेऊनही भारत १-२ असा हरला आणि आशियाई चषकाचे दार बंद झाले. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशनेही ०-१ असे हरवले. दोन दशकांहून अधिक काळानंतर बांगलादेशकडून झालेला हा पहिलाच पराभव.

याचा दोष प्रशिक्षकाचा किती? पात्रतेची वाट त्यांच्या आधीच अडली होती, हे खरे. पण फातोर्डाची आघाडी त्यांच्याच काळात निसटली, हेही तितकेच खरे. परदेशी प्रशिक्षक हरला की तो बदलला जातो. भारतीय हरला की सगळ्याच भारतीय प्रशिक्षकांवर प्रश्नचिन्ह लागते. जमील यांच्या खांद्यावर हे जादा ओझे आहे.

कोकणातील मुलांनी यातून काय घ्यावे?

खेळणे थांबले म्हणजे फुटबॉल संपला, असे नाही. प्रशिक्षक होण्याची शिडी ठरलेली आहे. डी, सी, बी, ए आणि शेवटी प्रो, असे परवाने एकेक करून मिळवावे लागतात. राष्ट्रीय संघातून खेळलेले असणे ही पहिल्या पायरीची अट नाही. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लज तालुक्यातून पुढे आलेल्या अंजू तुरंबेकर यांनी ‘ए’ परवान्यापर्यंत मजल मारली आहे. शाळेच्या मैदानावर मुलांना शिकवणाऱ्या कुणालाही पहिली पायरी चढता येते. मात्र पुढच्या पायऱ्यांना वेळ लागतो. जमील यांना भारताच्या संघापर्यंत पोहोचायला सोळा वर्षे लागली आणि त्यातली पहिली सात एकही करंडक न जिंकता गेली.