केमोथेरपीत तळहात का लाल होतात?

ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगावर सायटॅराबिन हे औषध अनेक वर्षांपासून वापरलं जातं. मोठ्या मात्रेत दिल्यावर काही रुग्णांच्या तळहातांना आणि तळपायांना आधी मुंग्या येतात, मग आग होते. कातडी लाल होऊन सुजते, कधी फोड येतात आणि शेवटी सालपटं निघतात. हा संसर्ग नव्हे. घरच्यांना त्याची लागण होत नाही. झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारणारं औषध त्वचेच्या निरोगी पेशींनाही इजा करतं. बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत ओसरतो.

तोवर हात कोमट पाण्याने धुऊन हलकेच टिपावेत, बिनवासाचं मॉइश्चरायझर लावावं, मऊ चपला वापराव्यात. गरम तवा, भांडी घासायची पावडर आणि कडक ऊन टाळावं. फुटलेल्या फोडावर हळद किंवा घरगुती लेप लावू नये. पांढऱ्या पेशी कमी असताना तिथूनच जंतू शिरतात.

दाबूनही फिके न होणारे टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके प्लेटलेट घटल्याची खूण असू शकतात. असे ठिपके, नवे फोड किंवा १००.४ अंश फॅरनहाइट वा त्याहून जास्त ताप दिसला, तर मध्यरात्र असली तरी डॉक्टरांना कळवावं. औषध मात्र आपल्या मनाने कधीही बंद करू नये.