तारेतला ‘बेपत्ता’

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधल्या हजारो घरांत एकाच साच्याची तार येऊन पडली. तुमचा मुलगा अमुक रात्रीच्या मोहिमेवरून परतलेला नाही, तो बेपत्ता आहे, पुढे काही कळले तर कळवू. पायदळातला सैनिक पडला तर ते पाहणारे आणि त्याला मूठमाती देणारे सोबती बहुधा आसपास असत. विमानातून गेलेल्यांचे तसे नव्हते. सात जणांना घेऊन रात्री उडालेले लँकॅस्टर बॉम्बफेकी विमान परतले नाही, तर ते कुठे कोसळले हे सांगायला धावपट्टीवर कोणीच नसे. ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडमध्ये सुमारे १,२५,००० जणांनी उड्डाणे केली. त्यांपैकी ५५,५७३ जण मेले. आज त्यांची नातवंडे आणि पुतण्या-भाच्यांची मुले त्यांचे नेमके काय झाले याचा शोध घ्यायला बसतात, तेव्हा हाताशी एक फोटो असतो, ती तार असते, क्वचित उड्डाणांचे लॉगबुक असते आणि घरात वर्षानुवर्षे सांगितली गेलेली एखादी गोष्ट असते.

ही गोष्ट सहसा निव्वळ खोटी नसते, पण जपून घ्यावी लागते. तिचा उगम बहुतेक वेळा स्क्वाड्रनच्या प्रमुखाने आईवडिलांना लिहिलेल्या पत्रात सापडतो. अशी पत्रे लिहिणाऱ्यालाही प्रत्यक्षात फारसे ठाऊक नसे, आणि दुःखात असलेल्या घराला धीर द्यावा हा त्यांचा मुख्य हेतू असे. ‘त्याला काहीच कळले नसेल’ हे वाक्य त्या घरासाठी लिहिलेले असते, इतिहासासाठी नव्हे.

शोधाची पहिली पायरी मात्र सोपी आहे. १९१७ साली स्थापन झालेल्या राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाकडे दोन्ही महायुद्धांतल्या सुमारे १७ लाख मृतांची नोंद आहे. नाव, हुद्दा, सेवाक्रमांक, तुकडी, मृत्यूची तारीख आणि कबर किंवा स्मारक एवढे तिथे मिळते. यांतला सेवाक्रमांक सर्वांत मोलाचा, कारण स्मिथ आणि जोन्स शेकड्यांनी सापडतात, क्रमांक मात्र एकाचाच असतो. कबर नसेल तर नाव एखाद्या स्मारकावर असते. लंडनजवळच्या रनीमीड इथल्या स्मारकावर ठावठिकाणा न लागलेल्या वीस हजारांहून अधिक हवाई सैनिकांची नावे कोरलेली आहेत. राणी एलिझाबेथच्या हस्ते १९५३ साली त्याचे उद्घाटन झाले.

इथेच नवखा संशोधक पहिल्यांदा फसतो. कबर जिथे आहे तिथेच माणूस मेला असे तो धरून चालतो. पुण्याजवळच्या खडकीच्या युद्धस्मशानभूमीचे उदाहरण घेतले तर चूक लगेच लक्षात येते. दुसऱ्या महायुद्धातल्या तिथल्या १,६६८ कबरींपैकी अनेक पश्चिम आणि मध्य भारतातल्या इतर ठिकाणांहून हलवून आणलेल्या आहेत, कारण त्या मूळ जागी त्यांची कायमची निगा राखली जाईल याची खात्री नव्हती. युरोपातही तसेच घडले. फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्समधल्या गावकऱ्यांनी पुरलेले हवाई सैनिक बहुधा त्या त्या गावच्या चर्चच्या आवारातच राहिले. जर्मनीत पडलेल्यांना मात्र युद्धानंतर उकरून राइशवाल्डसारख्या मोठ्या दफनभूमींत एकत्र आणले गेले.

दुसरा चकवा तारखेचा. मोहीम संध्याकाळी निघे आणि विमान मध्यरात्रीनंतर पडे, त्यामुळे मोहिमेच्या नोंदीत एक तारीख आणि थडग्यावर दुसरी असे हमखास दिसते. न्यूरेंबर्गवरचा हल्ला ३० मार्च १९४४ च्या रात्री सुरू झाला. ७९५ विमाने गेली आणि ९५ परतली नाहीत. त्यात मेलेल्या बहुतेकांच्या थडग्यावर ३१ मार्च आहे. फक्त ३१ तारखेच्या मोहिमा चाळत बसणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

खरी किल्ली मृताच्या नावात नसून त्याच्या विमानात असते. लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात प्रत्येक स्क्वाड्रनच्या मोहिमांच्या नोंदवह्या आहेत. त्यातला ‘फॉर्म ५४०’ दिवसाची हकीकत सांगतो. ‘फॉर्म ५४१’ मध्ये विमानाचा क्रमांक, त्यातल्या प्रत्येकाचे नाव, उड्डाणाची वेळ आणि परतीची वेळ असते. बेपत्ता विमानापुढे परतीची वेळ नसते. उड्डाणानंतर काही कळले नाही, अशा अर्थाची एखादी ओळ असते. वाचणाऱ्या नातेवाइकाला ती कोरडी वाटते. पण त्याच पानावर त्याला प्रथमच सहा नवी नावे भेटतात, आणि शोध एका माणसाचा न राहता सात जणांचा होतो.

या सहा नावांचा व्यावहारिक उपयोग मोठा आहे. ब्रिटिश विमानांत ऑस्ट्रेलियन, कॅनडियन, न्यूझीलंडर सर्रास एकत्र असत. ब्रिटिश मृतांच्या फायली टप्प्याटप्प्याने खुल्या होत आहेत. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडाच्या अभिलेखागारांतल्या फायली मात्र पुष्कळशा आधीच पाहता येतात. विमान कसे पडले, गावकऱ्यांनी काय पाहिले, कबरीत काय सापडले हा पत्रव्यवहार त्यांत असतो. त्यामुळे ब्रिटिश घराला आपल्या माणसाच्या मृत्यूची हकीकत बरेचदा मेलबर्न किंवा टोरँटोच्या सोबत्याच्या फायलीत वाचायला मिळते. शत्रूची कागदपत्रेही उपयोगी पडतात. पाडलेल्या विमानांवरचे जर्मन अहवाल युद्धानंतर दोस्तांच्या हाती पडले, आणि जर्मन रात्रलढाऊ वैमानिकांच्या दाव्यांत वेळ आणि जागा दोन्ही असतात. पाच मिनिटांच्या अंतराने एकाच भागात तीन विमाने पडली असतील तर कोणते कोणाचे, हे तेवढ्यावरून सांगता येत नाही, हेही खरे.

या शोधाचे सर्वांत कष्टाचे काम मात्र आजच्या नातवंडांच्या कितीतरी आधी होऊन गेले आहे. युद्ध संपले तेव्हा ब्रिटिश हवाई दलाचे सुमारे ४२,००० जण बेपत्ता होते. त्यांच्यासाठी खास शोधपथके नेमली गेली. जीपमधून गावोगाव फिरायचे, पाद्री, पोलीस, कबर खणणारे यांना गाठायचे, शेतातले अवशेष तपासायचे आणि लागेल तिथे कबर उकरायची, असे हे काम होते. ओळखचकती जळलेली किंवा हरवलेली असली तर धुलाईची खूण, बुटाचे माप, हुद्द्याची पट्टी, दात यांवर भिस्त असे. विमानाचा ढिगारा ओळखायला इंजिनाचा किंवा मशिनगनचा क्रमांक पुरे. तो कारखान्यापासून स्क्वाड्रनपर्यंत नोंदीत असे आणि विमान कळले की आतली सातही नावे कळत. १९४९ पर्यंत चाललेल्या या कामातून सुमारे २४,००० जणांच्या कबरी निश्चित झाल्या, आणखी नऊ हजारांवर समुद्रात गेले असे नोंदवले गेले. ज्या सोबत्यांचे अवशेष वेगळे करता आले नाहीत त्यांची थडगी आजही एकमेकांना चिकटून उभी दिसतात.

मोठे नाव असले म्हणून कोडे सोपे होते असे नाही. रूर भागातली धरणे फोडणाऱ्या १९४३ च्या मोहिमेचा नायक गाय गिब्सन १९ सप्टेंबर १९४४ च्या रात्री मॉस्किटो विमानातून परतताना नेदरलँड्समधल्या स्टीनबर्गन गावाजवळ कोसळला. गावकऱ्यांना त्याचा सोबती दिशादर्शक जिम वॉर्विक याची ओळखचकती सापडली आणि आधी मृत एकच असावा असे वाटले. दोघे असल्याचे अवशेषांवरून नंतर लक्षात आले. गिब्सनचे नाव कळले ते एका मोज्यावरच्या धुलाईच्या चिठ्ठीवरून. दोघे तिथेच पुरलेले आहेत. विमान का पडले याबद्दल मात्र अजूनही मतभेद आहेत. इंधनाची टाकी वेळेवर बदलली गेली नाही असे कोणी म्हणतात, तर दोस्तांच्याच एका बॉम्बफेकी विमानाच्या गोळीबाराकडे कोणी बोट दाखवतात. ‘कुठे’ आणि ‘केव्हा’ निश्चित झाले तरी ‘का’ उरतेच. घरच्यांना हे पचवणे सर्वांत जड जाते.

मराठी वाचकाला जवळची वाटेल अशी एक हकीकत पहिल्या महायुद्धातली आहे. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंकर त्या युद्धात ब्रिटिश हवाई दलात उडालेल्या मोजक्या भारतीयांपैकी एक. तेवीस क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून डॉल्फिन विमान घेऊन गस्तीवर गेलेले वेलिंकर परतले नाहीत. ते जखमी अवस्थेत जर्मनांच्या हाती पडले होते आणि ३० जून १९१८ रोजी वारले. जर्मनांनी त्यांना पुरले, पण नाव कागदावर चढताना ओळखू न येण्याइतके बदलले. मुंबईकडून चौकशी चालू राहिली म्हणूनच ते चुकीचे नाव त्यांचेच आहे हे युद्ध संपल्यावर काही वर्षांनी निश्चित होऊ शकले. आज फ्रान्समधल्या हँगार्ड इथे त्यांचे थडगे खऱ्या नावानिशी आहे. परक्या आडनावांचा शोध घेताना उच्चारावरून होऊ शकणारी सगळी रूपे तपासावीत, हा नियम या एका उदाहरणावरून पटतो.

सगळे धागे जुळले की शेवटी पुरावा युद्धकबर आयोगापुढे आणि ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयापुढे मांडता येतो. एखादी निनावी कबर अमक्याचीच आहे, हे सिद्ध करायला त्याच रात्री त्या भागात मेलेल्या इतर प्रत्येकाला कागदोपत्री वगळावे लागते. नुसती शक्यता चालत नाही. दावा मान्य झाला तर ‘एक हवाई सैनिक’ एवढेच कोरलेला दगड काढून नावाचा दगड बसवतात आणि नातेवाइकांच्या उपस्थितीत छोटा विधी होतो. रनीमीडचा तो शिलालेख पुढे कधी बदलायची वेळ आली, तर तिथून मात्र त्याचे नाव वगळले जाते.